सही पेशंटची, प्रश्न मात्र डॉक्टरांचा

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत काम सुरू केलं, तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण नुकतंच पूर्ण झालेलं होतं आणि समोर अख्खा जिल्हा संशोधनाची वाट पाहत होता. सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक होता सिकल सेलचा. रक्ताचे नमुने तपासले गेले आणि हा आनुवंशिक आजार गडचिरोलीच्या आदिवासींमध्ये आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध झालं. शास्त्राच्या हिशेबाने शोध पक्का होता. पण ज्यांच्या रक्तात तो सापडला, त्या माणसांनी तो फारसा मनावर घेतला नाही. हा प्रश्न संशोधकांना पडलेला होता, लोकांनी विचारलेला नव्हता, अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी पुढे अनेकदा दिली आहे.

संशोधक आपल्या यशाच्या गोष्टी सांगतात. फसलेल्या गोष्टी सहसा फाइलीतच राहतात. म्हणून ही कबुली मोलाची. आरोग्यसेवेत आणि संशोधनात लोकांचा सहभाग हवा, यावर आज कोणाचंच दुमत नाही. मंत्र्यांच्या भाषणात तो असतो, प्रकल्पाच्या अर्जात त्याचा वेगळा रकाना असतो. प्रत्यक्षात मात्र सहभाग म्हणजे शिबिराची गर्दी, प्रभातफेरी, हजेरीपटावरच्या सह्या आणि संमतीपत्रावरचा अंगठा. काय तपासायचं, कोणता आजार आधी, दवाखाना कुठे आणि कसा, किती वाजता उघडणार, हे सगळं ठरून गेलेलं असतं. लोक येतात ते शेवटच्या पानावर सही करायला. खरी भागीदारी हवी असेल तर त्यांना पहिल्या पानावर आणावं लागेल, जिथे प्रश्न लिहिला जातो तिथे.

हे स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्रातच ते करून दाखवलेलं आहे, आणि त्यातून जगाने शिकावं असं विज्ञान निघालेलं आहे.

सिकल सेलच्या अनुभवानंतर गडचिरोलीत उलटा क्रम लावून पाहिला गेला. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारलं. उत्तरं कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडली नसती. दवाखान्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात; पांढऱ्या कापडात तर मेलेल्या माणसाला गुंडाळतात. भेटायच्या वेळा ठरलेल्या, नातलगांना बाहेर काढतात, मग आजारी माणूस परक्या ठिकाणी एकटा पडतो. आणि एवढ्या मोठ्या इमारतीत देव कुठेच दिसत नाही. बंग दांपत्याच्या शोधग्रामचा दवाखाना या उत्तरांवर उभा राहिला. तो एका भव्य इमारतीसारखा नाही, आदिवासी पाड्यासारखा आहे: सुटसुटीत झोपड्या, त्यांत पेशंटसोबत घरच्यांनाही राहायला जागा. नाव दंतेश्वरी देवीचं. त्याच देवीच्या निमित्ताने गावोगावचे प्रतिनिधी जमतात आणि आरोग्याची संसद भरते. गेल्या वर्षी काय झालं आणि पुढे कोणत्या आजारावर काम करायचं, यावर तिथे बोलणं होतं. तिथे लोकांनी पुढे आणलेला एक आजार होता हिवताप, आणि कामाची दिशा त्यानुसार वळली.

राणी बंग यांच्याकडे येणाऱ्या बायका ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणत, कंबरदुखीबद्दल बोलत, पाळीच्या त्रासाबद्दल कुजबुजत. त्या काळी गरीब देशांतल्या स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच जगाची समज होती. बायकांची कुजबुज ऐकून दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. आयुष्यात कधीतरी अंतर्गत तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि स्त्री-आरोग्याच्या जागतिक चर्चेचा रोख बदलायला त्यांनी हातभार लावला. प्रश्न गडचिरोलीच्या बायकांचा होता. तो ऐकू यायला एक डॉक्टर स्त्री त्यांच्या शेजारी बसावी लागली, एवढंच.

न्यूमोनियाची गोष्ट याहून बोलकी. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सीमा साठची, त्याहून मोठ्या बाळासाठी पन्नासची. गावात बाळाजवळ पोहोचणारी जाणती बाई म्हणजे सुईण, आणि तिला एवढे आकडे मोजता येत नव्हते. ‘अशिक्षित बायांना हे जमणार नाही’ असं म्हणून विषय तिथेच संपवता आला असता. पण सुईणींना दहापर्यंत मोजता येत होतं. मग त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी तयार झाली, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सीमेवरचा लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे. अडाणीपणा सुईणीत नव्हता, मोजमापाच्या पद्धतीत होता. पद्धत सुधारली आणि सुईण निदान करू लागली.

पुढचं पाऊल नवजात बाळांचं. बाळं घरातच जन्मत होती आणि पहिल्या महिन्यात घरातच दगावत होती. बाळंतिणीला आणि बाळाला घराबाहेर काढायचं नाही ही रीत, दवाखाना कोसो दूर. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं: बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. गावातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, ही कल्पनाच तज्ज्ञांना झेपणारी नव्हती. हा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. तीन वर्षांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई याच पद्धतीवर आधारलेल्या नवजात बालसेवेसाठी घरोघरी जाऊ लागल्या.

गडचिरोलीच्याही आधी जामखेडने हा धडा गिरवला होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आले. गावाशी बोलणं सुरू झालं तेव्हा लोकांच्या तोंडी आधी आजार नव्हते. पाणी आणि पोटाला अन्न, हे होतं. तेव्हा कामाची सुरुवातही तिथूनच झाली. प्रशिक्षित नर्सबाई गावात टिकेनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. ज्या बाईच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, तिच्याच हातून गावाने बाळंतपणं करून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेच्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. तीनच वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता नाण्याची दुसरी बाजू, तीही महाराष्ट्रातलीच.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात या शतकाच्या सुरुवातीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं एक मोठं संशोधन झालं. ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले गेले. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली. चौथ्या गटातल्या स्त्रियांची नेहमीसारखीच व्यवस्था, म्हणजे त्या काळच्या ग्रामीण भागात तपासणी जवळपास नाहीच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या ३४ हजार स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१ हजारांत ६४. कमी खर्चात जीव वाचवण्याची वाट या अभ्यासाने जगाला दाखवली, हे निर्विवाद.

वाद झाला तो चौथ्या गटावरून. तपासणीने मृत्यू टळतात याचे पुरावे आधीच हाती असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं, असं टीकाकारांनी विचारलं. देशात तेव्हा तपासणीचा नियमित कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे कोणाकडून काही काढून घेतलेलं नाही, आणि हा कार्यक्रम इथे खरंच उपयोगी ठरेल का हे सिद्ध करणं गरजेचं होतं, असा बचाव झाला. दोन्ही बाजूंना तज्ज्ञ होते, नीतिशास्त्राचे जाणकार होते, देशी-विदेशी नियतकालिकं होती. या सगळ्या खडाजंगीत ऐकू आला नाही तो उस्मानाबादच्या बायकांचा आवाज. गट पाडण्याआधी त्यांच्यापैकी पाच-दहा जणींना आराखड्याच्या बैठकीत बसवलं असतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं? कदाचित चौथा गट त्यांनी मान्यही केला असता. कदाचित ‘शेवटी आमचीही तपासणी करून द्या, आणि कधी करणार ते आधी लिहून द्या’ अशी अट घातली असती. संशोधनाची किंमत मोजणाऱ्याने त्या किमतीबद्दल घासाघीस करावी, एवढी साधी ही गोष्ट आहे. बाजारात भाजी घेतानाही ती होते.

याच एचपीव्ही विषाणूवरच्या लसीचा २००९-१०चा प्रकल्प तर अधिकच वाईट वळणावर गेला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना लस देण्यात आली. खम्ममला आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी मुख्याध्यापकांच्या आणि वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. सात मुलींच्या मृत्यूंची चौकशी झाली. ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असा निष्कर्ष निघाला. तरीही प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, आजही ती चांगलीच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. पण मधल्या काळात या लसीभोवती संशयाचं जे मळभ साचलं, ते विज्ञान चुकलं म्हणून साचलेलं नव्हतं. आईवडिलांना विचारायचं राहून गेलं होतं.

अंगठा घेणाऱ्यांनी विचारलं नाही, तर कधी कधी पेशंट स्वतःहून दार ठोठावतात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना दोनदा क्षयरोगाने गाठलं. उपचारातल्या इंजेक्शनच्या दुष्परिणामाने २०१३ मध्ये त्यांची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचंही तसंच झालं होतं. ज्या नव्या गोळीमुळे ही घातक इंजेक्शनं टाळता येतात ती म्हणजे बेडाक्विलिन, आणि तिच्यावर पेटंट होतं. ती बनवणाऱ्या कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षाररूपावर आणखी एक पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ मध्ये या दोघींनी मुंबईच्या पेटंट कार्यालयात हरकत दाखल केली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला आणि स्वस्त जेनेरिक गोळीची वाट मोकळी झाली. औषधाचं रसायनशास्त्र मांडायला वकील आणि तज्ज्ञ मदतीला होतेच. पण उशिराची किंमत काय असते, हे सांगायला त्या दोघींइतकं जाणतं कोण होतं?

त्याआधी रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाच्या पेटंटला मुंबईच्याच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली होती. तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०१३ मध्ये निकाल पेशंटांच्या बाजूने लागला. भारतीय पेटंट कायद्यात पेटंट देण्याआधी ‘कोणालाही’ हरकत घेता येते, म्हणून हे शक्य झालं. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने मात्र या हरकतीला शुल्क लावलं आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही, हे आधी नियंत्रकाने ठरवायचं, असं केलं. निरर्थक हरकतींनी कामं अडतात, हे सरकारचं कारण. पण ज्या दाराने पेशंट आत आले, तेच दार अरुंद करायचं आणि दुसरीकडे लोकसहभागाच्या कार्यशाळा भरवायच्या, हे कसं काय जुळायचं? निदान रुग्णसंघटनांना तरी हे शुल्क माफ हवं.

‘लोकांना काय कळतं?’ हा आक्षेप जुना आहे, पण त्याला उत्तर द्यायला हवं. औषधाचा डोस किती, चाचणीतला निव्वळ योगायोग वेगळा कसा काढायचा, हे लोकांना कळत नाही. कळावं अशी अपेक्षाही नाही. त्यांना कळतं ते वेगळंच. संधिवाताच्या औषधांचं यश कशाने मोजायचं, हे जगभरचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांध्यांची सूज, दुखणं आणि रक्ताचे अहवाल यांवरून ठरवत होते. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या परिषदेत पहिल्यांदा पेशंटांना बोलावलं गेलं. पेशंट म्हणाले, आम्हाला गळून जायला होतं, त्याचं काय? थकवा तज्ज्ञांच्या मोजपट्टीवर नव्हताच. काही वर्षांतच तो संधिवाताच्या संशोधनात मोजायची बाब म्हणून स्वीकारला गेला. करोनाच्या साथीतही तेच घडलं. बरं होऊनही महिनोन्‌महिने धाप, थकवा, विसराळूपणा जात नाही, हे आधी पेशंटांनी एकमेकांना सांगितलं. ‘लाँग कोविड’ हे नाव इटलीतल्या एका पुरातत्त्व अभ्यासक स्त्रीने मे २०२० मध्ये स्वतःच्या आजारपणातून दिलं. डॉक्टरांची पुस्तकं त्यामागून आली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. लोक सलाईन मागतात, सुई टोचून घ्यायला रांग लावतात, भोंदूकडे जातात. त्यांचं ऐकायचं म्हणजे हेही ऐकायचं का? नाही. भागीदार म्हणजे होयबा नव्हे. आरोग्यदूतांच्या प्रयोगात गावावर विश्वास टाकला, पण निष्कर्ष तुलनेच्या गावांशी ताडूनच काढले. गावाचं ज्ञान आणि संशोधनाची शिस्त एकमेकांना तासतात, तेव्हाच त्यातून काही टिकाऊ हाती लागतं. सिकल सेलच्या बाबतीतही लोकांना रस नव्हता म्हणून आजार खोटा ठरला नाही. एवढंच की उपचार हाती नसताना नुसतं निदान सांगून गेलेल्या संशोधकाकडे लोकांनी पाठ फिरवली, आणि त्यात त्यांचं फारसं चुकलं नाही.

तिसरा धोका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ‘लोक’ म्हणून बैठकीला येतात ते सरपंच, पाटील, एखादे मास्तर आणि पुढाऱ्याचा माणूस. ज्या बाईच्या बाळाचं वजन घटतंय ती तेव्हा दुसऱ्याच्या वावरात खुरपत असते. तिने बैठकीला यावं अशी इच्छा असेल तर तिची बुडालेली मजुरी भरून द्यावी लागेल आणि बैठक भर दुपारी न घेता सांजेला घ्यावी लागेल. सांगलीत १९९० च्या दशकात संग्राम संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत एचआयव्हीविरोधी काम केलं, तेव्हा उपदेशक बाहेरून आणले नाहीत. वस्तीतल्याच स्त्रिया निरोध वाटू लागल्या, मैत्रिणींना दवाखान्यात नेऊ लागल्या. त्यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. सेवा घेणाऱ्या बायका सेवेच्या मालक झाल्या. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बरे झालेले पेशंट समुपदेशक होतात. दारू सोडल्यानंतरची पहिली रात्र कशी जाते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सरकारनेही हे एकदा मनावर घेतलं होतं. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. गावकरी स्वतः उपकेंद्राचं, प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे. नर्सताई येतात का, औषधं आहेत का, बाळंतपणाला कोणी पैसे मागितले का? हिरवा, पिवळा, लाल असे शेरे. मग जनसुनवाई. वैद्यकीय अधिकारी समोर, गावकरी समोर, तक्रार तोंडावर आणि उत्तरही तिथल्या तिथे. अनेक ठिकाणी बंद पडलेली सेवा सुरू झाली, बेकायदा पैसे घेणं थांबलं, पहिल्या काही फेऱ्यांत चांगला शेरा मिळालेल्या सेवा वाढत गेल्या. पुढे निधी रखडत गेला, आटत गेला आणि जनसुनवाईची धार बोथट झाली. गाव आरोग्य समित्या कागदावर आहेत. त्यांना वर्षाला मिळणारा १० हजारांपर्यंतचा निधी आणि त्याचा हिशेब, एवढ्यापुरत्याच त्या बऱ्याच गावांत जिवंत असतात.

गावाला आरोग्यव्यवस्थेशी जोडणारी खरी कडी म्हणजे आशाताई. राज्यात त्या सुमारे ७० हजार आहेत. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मोबदला. तोही मागण्यासाठी २०२१ पासून पुन्हापुन्हा संप करावे लागले. जामखेडच्या आणि गडचिरोलीच्या बायकांकडून जी कल्पना देशाने उचलली, तिच्यातलं काम घेतलं आणि मान मागेच ठेवला. आशाताईला गावातला आजार वरच्यांच्या आधी कळतो. तिने तो वर सांगावा अशी सोय मात्र नाही. वरून आलेले तक्ते तिने भरायचे असतात.

तरतुदी नाहीत असं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाला संशोधनाच्या आराखड्यापासून सोबत घ्या, असं स्पष्ट म्हटलं आहे. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात जण लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे. पण समोर शे-दोनशे पानांचा इंग्रजी आराखडा आणि भोवती प्राध्यापक मंडळी असताना तो एक सामान्य नागरिक बोलणार काय? मराठीतला, गोंडीतला, कोरकूतला चार पानांचा गोषवारा आधी मिळाला, एकाऐवजी तिघे-चौघे असले आणि त्यांतला एक तरी त्याच आजाराचा पेशंट असला, तर बैठकीत वेगळे प्रश्न निघतील. संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांनी अर्जात आणखी एक रकाना घालायला हरकत नाही: हा विषय कोणाशी बोलून ठरला, कोणत्या गावात, कधी? तो रिकामा असेल तर अर्ज परत. आणि निष्कर्ष हाती आले की ते ज्या गावाचे आहेत त्या गावात जाऊन त्या भाषेत सांगायचे. नियतकालिकात छापून येण्याची वाट पाहत गावाला वर्षानुवर्षं अंधारात ठेवायचं कारण नाही.

यातलं काहीही फार खर्चाचं नाही. फसलेली शिबिरं आणि न वापरलेली उपकेंद्रं त्याहून महाग पडतात.

सिकल सेल आता सरकारच्याच अजेंड्यावर आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं लक्ष्य आहे. तपासणी झालेल्याला कार्ड मिळतं, त्यावर तो निरोगी, वाहक की रुग्ण याची नोंद असते आणि लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून पाहा, असा सल्ला दिला जातो. वैद्यकीयदृष्ट्या सल्ला बरोबर आहे: दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता पावपट असते. पण धानोऱ्याच्या किंवा धडगावच्या एखाद्या पाड्यात ‘वाहक’ लिहिलेलं कार्ड मुलाच्या हाती पडणं आणि मुलीच्या हाती पडणं सारखं नसतं. मुलाचं लग्न होऊन जातं. मुलीच्या मागे ‘हिच्या रक्तात खोट आहे’ हे वाक्य लागतं. कार्डावर काय लिहावं, ते कोणाच्या हाती द्यावं, शाळेत वाटावं की घरी जाऊन समजावून द्यावं, नियमित गोळ्या तालुक्याला मिळतील की जिल्ह्याला खेटे घालावे लागतील, हे त्या मुलींना आणि त्यांच्या आयांना आधी विचारता येण्यासारखं आहे. चाळीस वर्षांपूर्वी गडचिरोलीत दोन डॉक्टरांकडून ते राहून गेलं आणि त्यांनी ते मान्य केलं. आता तोच आजार घेऊन सरकार सात कोटी लोकांच्या दारांशी निघालं आहे.